ओळंबा पास झाला

माझ्या मुलाला घरात आणि कामावर सगळे ओळंबा म्हणतात. हे नाव त्याच्या वडिलांनी पाडलं. ते गवंडी होते. भिंत सरळ चढते आहे का हे बघायला गवंडी दोरीच्या टोकाला वजन बांधून वरून सोडतात, तो ओळंबा. आमचा पोरगा धड चालायलाही लागला नव्हता तेव्हापासून दाराशी पडलेल्या चपला जोडीने लावायचा, आणि ताटाशेजारचा चमचा तिरका दिसला की भोकाड पसरायचा. वडील म्हणाले, "आता भिंतीला दोरी कशाला लावायची, याला शेजारी उभा केला की झालं." ते नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव आता फक्त दवाखान्यात पुकारतात तेव्हा ऐकू येतं, आणि तेव्हा आम्ही दोघंही इकडेतिकडे बघतो, कुणाला बोलावताहेत म्हणून.

मोठा झाल्यावर तो बायंडर झाला. ते दुकान एका तळघरात आहे. रस्त्यावरून चालणाऱ्यांचे नुसते पाय तिथल्या खिडकीतून दिसतात. आत सरसाचा वास, कागदाची धूळ आणि कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र. छापखान्यातून मोठाले कागद यायचे. त्यांच्या घड्या घालायच्या, घड्या क्रमाने रचायच्या, शिवायच्या, पाठीला सरस लावायचा आणि वर पुठ्ठा चढवायचा. मला पुस्तकातलं फारसं कळत नाही, चौथीत शाळा सुटली माझी. पण ओळंब्याने बांधलेलं पुस्तक टेबलावर उभं केलं तर तसूभर हलायचं नाही, एवढं मला कळायचं. मालक म्हणायचे, "आजी, तुमचा मुलगा देव नाही मानत, पट्टी मानतो."

आता तो स्वतः हलतो, ही गोष्ट वेगळी.

आमच्या घराण्यात हा आजार आहे. माझ्या घराण्यात नाही, ह्यांच्या. चाळिशीच्या अलीकडेपलीकडे तोल जायला लागतो. आधी जिना उतरताना, मग सपाटीवर. मग हात, मग जीभ. ह्यांना झालं तेव्हा लोक म्हणाले, गवंडी पितो. ज्या माणसाने उभ्या जन्मात थेंबाला तोंड लावलं नाही, त्याला मुकादमाने परांचीवरून, हो, पन्नास माणसांसमोर, परांचीवरून खाली उतरवलं आणि सांगितलं, शुद्धीत असशील तेव्हा ये. ते पुन्हा गेले नाहीत. डॉक्टरांनी पुढे खूप वर्षांनी सांगितलं की डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो झिजतोय, आणि बापाला असेल तर मुलात उतरेल की नाही हे नाणं उडवल्यासारखं आहे. आमचं नाणं ओळंब्याच्या वेळी वाईट बाजूने पडलं.

पण आजार बापाकडून मुलाकडे आला तशी तो लपवायची विद्याही आली. त्या घरातले पुरुष ती एकमेकांना शिकवतात. खांदा भिंतीला हलकेच टेकवून चालायचं, म्हणजे लोकांना वाटतं माणूस निवांत आहे. कप दोन्ही हातांनी धरायचा आणि म्हणायचं, हात गार पडलेत. अडखळलं तर इतरांच्या आधी आपणच हसायचं. जीभ जड झाली की कमी बोलायचं आणि विचार करतोय असा चेहरा करायचा. ह्यांना हे त्यांच्या वडिलांनी दाखवलं होतं, ह्यांनी ओळंब्याला दाखवलं. जिन्यावरून पडलेलं कधी कुणी कबूल केलं नाही. आमच्याकडे सगळे जिन्यावर 'बसलेले' असायचे.

विद्या हातापायांपुरती होती. आतलं माणूस बदलतं, त्याच्यावर काही उपाय कुणी शिकवला नव्हता, कारण ते आजारात धरलेलंच नव्हतं.

माझ्याशी लग्न झालं तेव्हा हे गाणी गुणगुणणारे गवंडी होते. पुढे कोरडे पडत गेले. माझी आई गेली त्या दिवशी मी रडत घरी आले तर म्हणाले, "चूल पेटवलीस का?" मी तो राग चांगली भांडी जपावी तसा जपून ठेवला. ते गेले तरी फळीवरून खाली काढला नाही.

आणि मग ओळंब्याचं तेच सुरू झालं.

त्याची बायको हसरी. ती त्याला पहिल्यापासून अरेतुरे करते. मला आधी ते आवडायचं नाही, मग आवडायला लागलं. त्याच्या सरळपणाची ती रोज टिंगल करायची. "मलाही एकदा कपाटात घडी घालून ठेव, म्हणजे तुझ्या जिवाला शांती." तो लाजायचा. त्यांना एक मुलगी झाली, माझी नात. सगळं नाकासमोर चाललं होतं.

तोल जायला लागला तेव्हा सून घाबरली नाही. म्हणाली, "मला माहीत होतं आई, लग्नाच्या आधी त्याने सांगितलं होतं. पाय जाणार आहेत ना, जाऊ देत, माझे आहेत की." पायांची तयारी तिने केली होती. पण नात तापाने फणफणली तेव्हा ती म्हणाली औषध आण, तर हा गेला, औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसला, आणि रिकाम्या हाताने परत येऊन जेवायला बसला. विचारलं तर म्हणाला, "गर्दी होती." तिने डोकं धरलं. हा तिच्याकडे बघत होता आणि मीठ मागत होता. दुकानातही पुस्तकाच्या घड्या त्याने भलत्या क्रमाने शिवल्या. मालक भले, त्यांनी त्याला शिलाईवरून काढून नुसत्या घड्या घालायला बसवलं. आणि शेवटी सुनेचे वडील वारले. सगळी माणसं गप्प उभी होती, सून बापाच्या पायाशी कोसळली होती, आणि हा हसला. बारीक नाही, चांगला मोठ्याने, खांदे हलवून. मी त्याचा दंड दाबला तरी थांबेना.

दुसऱ्या आठवड्यात ती नातीला घेऊन बहिणीकडे राहायला गेली.

आम्ही दवाखान्यात चालणं तपासून घ्यायला जात असू, तिथे वरच्या मजल्यावर एक बाई संशोधन करत होत्या. तरुण, पण डोळ्यांखाली काळं. मी त्यांना मनात प्रश्नबाई म्हणायचे. त्यांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा, आणि खिडकीत वाळलेलं एक झाड होतं. त्याला पाणी घालायचं भान त्यांना नसावं.

"आजी, लहान मेंदू इथे असतो," त्यांनी स्वतःच्या मानेच्या वर, केसांत हात घातला. "इतकी वर्षं आम्ही समजत होतो की तो हातापायांचा तोल सांभाळतो, बस. पण घरचे लोक वेगळंच सांगतात. माणूस बदलला म्हणतात. विचारांची ओळ चुकते, शब्द सापडत नाहीत, नको तिथे हसू येतं, नाहीतर काही वाटेनासंच होतं. यातलं आजाराने किती आणि आजारी पडल्याच्या दुःखाने किती, ते मला चाचण्या घेऊन वेगळं करून बघायचंय."

"आणि स्वभावाने किती?" मी विचारलं.

"तेही," त्या म्हणाल्या. "ते सगळ्यात अवघड."

मी त्याच दिवशी सुनेकडे गेले. ती कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात गल्ल्यावर बसते. वाफेने भिंती ओल्या, आणि डोक्यावर हँगरला लोकांचे कोट लटकलेले, आत माणसं नसलेले. मी तिला सगळं सांगितलं.

तिने एका कोटाला चिठ्ठी टोचली. मग म्हणाली, "आई, मी त्याच्या पायांवर रुसून गेले नाही."

"माहीत आहे गं."

"त्या बाईंनी एकदा माझ्यासमोर म्हणावं, की हे हसणं, हे कोरडेपण आजाराचं आहे. मी त्याच दिवशी सामान घेऊन येते. आणि डोकं शाबूत आहे म्हणाल्या तर मग तो तसाच आहे. मग मला न्यायला येऊ नका."

मी घरी येऊन ओळंब्याला जसंच्या तसं सांगितलं. तो घडी घातलेल्या टॉवेलची घडी पुन्हा घालत होता.

"म्हणजे परीक्षा आहे," तो म्हणाला.

"परीक्षाच म्हण."

"बरं. तयारी करतो."

मला वाटलं, दाढीबिढी करेल.

आमचे धाकटे दीर दोन गल्ल्या सोडून राहतात, चाकाच्या खुर्चीत. तेही आजारी. आधी न्हावी होते. "माझे हात थरथरायला लागल्यावर गिऱ्हाइकांनीच मला निवृत्त केलं वहिनी, कान सगळ्यांनाच प्रिय असतात," असं तेच सांगतात. प्रश्नबाईंच्या त्या चाचण्या त्यांनी आमच्या आधी दिल्या होत्या, पुन्हापुन्हा, आणि त्यात त्यांची दाणादाण उडाली होती. ते त्यांना फार लागलं होतं. वस्तऱ्याने कधी कुणाला ओरखडा न काढलेला माणूस, आणि पोरसवदा बाईसमोर छत्रीचं चित्र कुठे ठेवायचं हे सुचलं नाही.

ओळंबा रोज दुकानातून थेट काकांकडे जायला लागला. मला बरं वाटलं, घरात भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं. एकदा मी त्याला आणायला गेले तर दोघं समोरासमोर बसले होते आणि दीर तोंड वेडंवाकडं करत होते.

"हा कोण?"

"भीती," ओळंबा म्हणाला.

"शाब्बास. आणि हा?"

ओळंबा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"अरे राग. चेहरा नको बघूस, चेहऱ्यात फसायला होतं. नाकपुड्या बघ. नाकपुड्या फुगल्या की राग. कपाळ वर गेलं की भीती. दात दिसले की आनंद."

"दात दुखणारा आला तर?"

"तो नसतो त्यांच्या फोटोंत."

मी हसले. दीरही हसले, जीभ अडखळत होती तरी. ओळंब्याने आमच्या दोघांच्या दातांकडे बघितलं आणि म्हणाला, "आनंद."

मला वाटलं, करमणूक चाललीय. दुकानाचे मालकही एकदा वाटेत म्हणाले, "आजी, हा दिवसभर कागद, कात्री, कुलूप, कंदील करत बसतो. पाढे म्हणतोय जणू." मी म्हटलं, पुटपुटायची सवय लागली असेल. हात चालत नाहीत तेव्हा तोंड चालतं माणसाचं.

परीक्षेच्या दिवशी तो आत गेला, दार लागलं. मी बाहेर बाकावर बसले. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला तेव्हा कानांपर्यंत हसत होता. ते हसू मात्र खरं होतं. आईला कळतं.

"कसं झालं?"

"सगळं आलं."

निकाल ऐकायला सून आली. दुकानातून तशीच आली होती, बोटांना चिठ्ठ्यांच्या टाचण्यांचे ठिपके. आम्ही तिघं आणि प्रश्नबाई, खोलीत खुर्च्या कमी पडल्या म्हणून ओळंबा भिंतीला खांदा टेकवून उभा राहिला, निवांत माणसासारखा.

"हा अभ्यास आहे, तपासणीचा शेवटचा शब्द नाही," प्रश्नबाई आधीच म्हणाल्या. "पण विचारलंत म्हणून सांगते. एका अक्षरापासून सुरू होणारे शब्द यांनी भराभर सांगितले. चित्रं क्रमाने लावली. फोटोतल्या माणसांच्या भावना ओळखायच्या होत्या, त्या सगळ्या बरोबर. तोल आणि हातांचा त्रास आहेच. पण विचार आणि भावना यांच्या चाचण्यांत मला बिघाड दिसला नाही. याचा अर्थ तो नाहीच, असं मी म्हणत नाही."

शेवटचं वाक्य मी ऐकलं. सुनेने ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

तिचा चेहरा आधी लाल झाला, मग सगळा रंग उतरला. नाकपुड्या काही फुगल्या नाहीत, दातही दिसले नाहीत. ओठ नुसते आत ओढले गेले, लहान मूल रडू गिळतं तसे. ओळंबा तिच्याकडेच बघत होता. अभिमानाने बघत होता. शाळेतून पहिला नंबर घेऊन आल्यासारखा.

"सगळं आलं मला," तो तिला म्हणाला.

"हो, ऐकलं," ती म्हणाली. "म्हणजे शाबूत आहे सगळं." तिने पिशवी उचलली. "येते आई."

बायकांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जातो तेव्हा पावलागणिक कळतं की बाई परत वळणार आहे की नाही. ती वळणार नव्हती.

घरी येऊन मी चहा ठेवला. ओळंबा टेबलाशी बसून टेबलाच्या कडेला समांतर अशी चमच्यांची रांग लावत होता. त्याचे हात थरथरत होते म्हणून रांग पुन्हापुन्हा मोडत होती.

"तुला एवढे शब्द कसे आले रे?" मी विचारलं. "घरात तर पाणी मागायलाही शब्द शोधतोस."

"काकांनी सांगितले. सगळं पाठ करून गेलो. छत्रीचं चित्र शेवटी."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"अरे, मग तू पास झालास ना."

"हो."

"पण तुला नापास व्हायचं होतं, बाळा. नापास झाला असतास तर ती घरी आली असती. सांगितलं होतं ना मी तुला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. आतून काहीतरी शोधत असल्यासारखा. तळघरातल्या त्या खिडकीतून नुसते पाय दिसतात आणि माणूस कोण ते कळत नाही, तसं काहीसं त्याच्या डोळ्यांत होतं. चहा उतू गेला तरी मी उठले नाही.

"हो," तो शेवटी म्हणाला. "ते राहिलंच."

आणि चमचे पुन्हा लावू लागला.

परीक्षा म्हटली की पास व्हायचं, आणि आमच्या घरात तर बाहेरच्या कुणाला उणीव दिसू द्यायची नाही, हे दूध पाजल्यासारखं पाजलेलं. कशासाठी पास व्हायचं, ही पुढची पायरी त्याच्या डोक्यातून निसटली होती, औषधाच्या दुकानापाशी निसटली तशीच.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच प्रश्नबाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं, नाकपुड्यांपासून छत्रीपर्यंत. त्या आधी हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या आणि कपाळावर हात ठेवून बसल्या.

"हा निकाल मला आता धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि पाठ झालेली चाचणी इतक्यात पुन्हा घेऊनही उपयोग नाही. आजी, आणखी किती जणांना शिकवलंय काकांनी?"

"दोघं पुतणे आहेत. त्यांच्याकडे मी आजच जाऊन येते."

"या." त्या खूप दमलेल्या दिसल्या. आमच्या घराण्याने त्या पोरीचं कितीतरी महिन्यांचं काम नासवलं होतं.

"एक विचारू?" मी म्हटलं. "नापास व्हायला गेलेला माणूस पास होऊन येतो आणि त्याला पत्ता लागत नाही. हे तुमच्या चाचणीत कुठे बसत नाही का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. खिडकीतल्या वाळलेल्या झाडाकडे बघितलं. "बसत नाही," त्या म्हणाल्या. "पण चाचणीत न बसणारं ऐकायलाच मी घरच्या माणसांच्या मुलाखती घेते. तुम्ही द्याल?"

"मी आई आहे. माझ्याकडून खरं निघणार नाही, मला तो अजून चपला लावणाराच दिसतो. त्याच्या बायकोला विचारा."

मी जायला उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमचे मिस्टर कसे होते, आजी? आतून?"

मी म्हटलं, गाणी गुणगुणायचे. मग नाही गुणगुणले. त्यांनी ते लिहून घेतलं. जिना उतरताना मला वाटलं, एवढी वर्षं फळीवर ठेवलेला तो राग आता मी करू काय? ज्याच्यावर धरला तो माणूस बहुतेक तेव्हा घरात नव्हताच. परत कुणाला करायचा, तर घेणारं कुणी नाही. टाकून द्यायचा, तर हात उचलत नाही. जन्मभराची सोबत आहे.

सुनेच्या दुकानात त्या दिवशी गर्दी होती. मी कोटांखाली उभी राहून वाट बघितली. गिऱ्हाईक ओसरल्यावर तिला सांगितलं. 'चेहरा नको बघूस' पर्यंत आले तेव्हा तिला हसू फुटलं. 'ते राहिलंच' म्हटल्यावर तिने तोंडावर हात दाबला आणि मला कळेना, ती अजून हसतेय की काय. मागे इस्त्री करणारा माणूस इस्त्री उभी करून बघत राहिला.

"हाच तो," ती शेवटी म्हणाली. "हे असंच असतं, आई. मी सांगत होते ते हेच."

"मग चल ना घरी," मी म्हटलं.

तिने डोळे पुसले. एक पांढरा शर्ट हातात घेतला, त्याची कॉलर सारखी करत राहिली.

"आई, मला वाटत होतं आजार आहे कळलं की सोपं होईल. आत्ता कळलं ना, तर उलटंच झालं. स्वभाव असता तर मी त्याच्याशी भांडले असते, रुसले असते, कधीतरी वळला असता. मी गेले तीसुद्धा तो घ्यायला येईल म्हणून गेले. आता कुणावर रुसू? तो येणार नाही. त्याला सुचणारच नाही यायचं."

"तू म्हणाली होतीस, त्याच दिवशी येईन."

"म्हणाले होते," ती म्हणाली. "पायांची माझी तयारी होती, आई. ह्याची नाही. पोरगी रोज विचारते, बाबा माझ्याकडे बघून का हसत नाहीत. तिला मी काय काय सांगू?" आम्ही दोघी त्या नाण्याचाच विचार करत होतो. नात हल्ली फुटपाथच्या कडेवरून हात पसरून चालते, सगळी मुलं चालतात तशी. मी तिच्या पावलांकडे बघायचं नाही असं ठरवते आणि बघते.

"मुलाखतीला येईन," ती म्हणाली. "तेवढं करते."

ती आली. प्रश्नबाईंच्या खोलीचं दार लागलं आणि आम्ही मायलेक बाहेर बाकावर बसलो. आतून शब्द कळत नव्हते, नुसता तिचा आवाज येत होता. आधी अडखळत, मग सलग. मध्ये एकदा हसली. मला वाटलं, एखाद्या माणसाबद्दल इतकं बोलायला त्याच्यावर आधी किती जीव लावलेला असावा लागतो. ओळंबा बाकावर पडलेले दवाखान्याचे कागद घेऊन त्यांच्या घड्या घालत होता, कडेला कड.

"एवढं काय सांगतेय?" त्याने विचारलं.

"तुझ्याबद्दल."

"चांगलं?"

"खरं."

त्याने मान हलवली आणि पुढची घडी घातली.

ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. ओळंबा उठला आणि सवयीने भिंतीला खांदा लावून चालू लागला.

"भिंत सोड," ती म्हणाली. "इथे सगळ्यांना माहिती आहे."

त्याने भिंत सोडली. लगेच एका बाजूला गेला. तिने त्याचा कोपर धरला, आणि दोघं तसेच मधोमध, दारुड्यांसारखे झोकांड्या खात, सगळ्यांच्या देखत फाटकापर्यंत गेले. मी मागून पिशव्या घेऊन. ह्यांच्याबरोबर मी असं कधी चालले नव्हते. भिंतीच्या कडेने चालणाऱ्याच्या एका बाजूला भिंतच असते.

बस थांब्यावर वारा होता. आमची बस आधी येताना दिसली.

"तू येतेस ना?" ओळंब्याने तिला विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली.

तो हसला. तेच हसू, खांदे हलवणारं, तिच्या वडिलांच्या पायाशी हसला होता तेच. थांब्यावरच्या लोकांनी वळून बघितलं. मी त्याचा दंड धरायला पुढे झाले, पण तिने मला हाताने थांबवलं. कुणाला खोकल्याची उबळ आली तर ती सरेपर्यंत थांबतात, तशी ती थांबली. त्याच्याकडे बघत, न रागावता. हसू ओसरल्यावर तिने त्याच्या कोटाची वरची दोन बटणं लावली, कॉलर सारखी केली आणि आम्हाला बसमध्ये चढवून दिलं.

बस निघाल्यावर तो खिडकीतून मागे बघत राहिला, ती दिसेनाशी होईपर्यंत.

"रागावली का ती?" त्याने विचारलं.

"नाही."

"तुला कसं कळलं? नाकपुड्या तर मी बघितल्या."

"दिसतं रे."

दोन थांबे गेले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला सांगत जा आई, तिचा चेहरा कसा आहे ते. पुढच्या वेळी."

सांगत जाईन म्हटलं. माझ्यानंतर कोण सांगणार, हे त्याने विचारलं नाही. ते त्याला सुचलं नसावं. मी त्याच्या मांडीवरच्या घड्या घातलेल्या कागदांवर हात ठेवला, उडू नयेत म्हणून, आणि आमचा थांबा येईपर्यंत तो काढला नाही.